बँजोची साथ: अखंड रोल की तुटक ठोके?

ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या प्रकारात गायकाच्या मागे पाच तारांचा बँजो वाजवू पाहणाऱ्या नवशिक्यासमोर दोन मार्ग असतात: उजव्या हाताचे अखंड रोल, किंवा दुसऱ्या व चौथ्या मात्रेवरचे तुटक ठोके, ज्यांना व्हँपिंग म्हणतात.

रोलमध्ये अंगठा, तर्जनी आणि मध्यमा ठरावीक क्रमाने तारा छेडतात आणि चार मात्रांत 8 स्वर सलग वाजतात. बँजोवादक अर्ल स्क्रग्ज 1945 मध्ये ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे बिल मन्रो यांच्या वाद्यवृंदात आल्यानंतर ही तीन बोटांची पद्धत सर्वदूर पोहोचली. तारा खुल्या जी कॉर्डमध्ये, म्हणजे न दाबताच जी कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) वाजेल अशा जुळवलेल्या असल्या, तर जी कॉर्डसाठी डावा हात लागतच नाही आणि डी सेव्हन या कॉर्डसाठी दोन बोटे पुरतात, त्यामुळे सगळे लक्ष लयीकडे देता येते. कॉर्ड बदलताना एखादे बोट उशिरा पोहोचले, तरी रोल थांबवू नये; चुकलेला स्वर प्रवाहात वाहून जातो, तुटलेली लय मात्र लगेच कानाला खटकते. खरी अडचण आवाजाची आहे, कारण धातूच्या नख्यांनी जोरात वाजवलेला रोल गायकाचे शब्द गिळतो.

व्हँपिंगमध्ये उजव्या हाताचे काम थोडे असले, तरी डाव्या हाताला खुली (न दाबलेली) तार नसलेली कॉर्ड धरून नेमक्या क्षणी दाब सैल करावा लागतो, आणि हे वाटते तितके सोपे नाही. शिवाय मँडोलिन त्याच मात्रांवर ठोके देत असेल, तर बँजोचे ठोके बहुधा अनावश्यक ठरतात. सोबतीला केवळ गिटार असेल, तर मी आधी हलक्या हाताचा रोलच सुचवेन.