रिफंड कोड एक नऊ नऊ नऊ नऊ

ऑनलाइन फसवणुकीत गेले एकूण ४६,३५३ रुपये. त्यातले १,८४९ खुर्चीचे आणि उरलेले ४४,५०४ खुर्चीचे पैसे परत मिळवताना गेलेले. घरी सांगितल्यावर नवरा बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "पण खुर्ची कशाला हवी होती?" तेव्हापासून हाच प्रश्न मला पोलीस ठाण्यात विचारला गेला, बँकेत विचारला गेला, एका बारशात तर जेवता जेवता विचारला गेला. म्हणून त्याचं उत्तर आधी देते, मग चोरांकडे वळते.

मी पक्ष्यांचे फोटो काढते. भिगवणचे रोहित (फ्लेमिंगो) वगैरे नाही, ते सगळेच काढतात. मला माळावरचे पक्षी आवडतात: धाविक, माळटिटवी, पखुर्डी. हे सगळे जमिनीवर वावरणारे. उभं राहून काढलं तर फोटोत नुसती पाठ येते. त्यांच्या डोळ्याच्या उंचीवर यायचं तर खाली बसावं लागतं, तेही पखुर्ड्या पाण्यावर उतरायच्या आधी जाऊन, आणि त्या पिऊन उडेपर्यंत ढिम्म न हलता. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मांडी घालता येत नाही. सुप्याच्या, सासवडच्या माळावर घोणस असते, फुरसं असतं, त्यामुळे जमिनीवर पाय पसरून बसायचीही छाती होत नाही. तीन पायांचं घडीचं स्टूल होतं. त्याच्या कापडाची कड मांडीखाली रुतते, पायाला मुंग्या येतात, आणि पाऊस झाल्यावर काळ्या मातीत त्याचे बारीक पाय हळूहळू आत जातात. बहुतेक वेळा पक्षी जवळ आल्यावरच रुततात.

तर मला हवी होती वीतभर उंचीची, पाठ टेकता येईल अशी, रुंद पायांची, न कुरकुरणारी खुर्ची. ही वस्तू मुळात अमेरिकेतल्या शिकाऱ्यांसाठी बनते. तिकडे वसंतात रानटर्कीची शिकार झाडाच्या बुंध्याला टेकून, जमिनीवर बसून करतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे असली खुर्ची कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. शोधावी लागते. मी शोधत होते, आणि फोनला ते कळलं होतं.

इन्स्टाग्रामवर जाहिरात आली. ६,४९९ खोडलेले, खाली लाल अक्षरात १,८४९. मी फोटो दोन बोटांनी मोठा केला, कारण मला पायांची रुंदी बघायची होती. पाय रुंद होते. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात, फोटो जिथे कापला होता तिथे, लाकडी दस्ता आणि काळ्या नळीचा तुकडा दिसत होता. बंदूक. शिकारबंदी असलेल्या देशात, "खास भारतीय निसर्गप्रेमींसाठी" अशी ओळ वर लिहून, खुर्चीशेजारी बंदूक. कुणाचा तरी परदेशातला फोटो उचलून वापरलाय, हे तिथेच दिसत होतं. मला दिसलंही. मी मनात म्हटलं, इम्पोर्टेड आहे, चांगलीच असणार.

बाकीच्या खुणा आता मोजून दाखवणारे खूप आहेत. भाचा म्हणाला, मावशी, लोखंडी सांगाडा, पाठ, चार पाय आणि वजन १.२ किलो कसं असेल? बरोबर आहे बाबा. पण मी काय घरी वजनकाटा घेऊन जाहिराती बघते? एका अभिप्रायात लिहिलं होतं, "हे उत्पादन माझ्या बागेसाठी परिपूर्ण आहे." कुठला मराठी माणूस असं बोलतो? कुठलाच नाही. पण मोठमोठ्या कंपन्यांच्या अ‍ॅपवरही असलंच मराठी असतं, त्याला आपण सरावलोय. क्यूआर स्कॅन केल्यावर दुकानाचं नाव न येता कुठल्याशा एंटरप्रायझेसचं नाव आलं. आमच्या किराणावाल्याच्या क्यूआरवर त्याच्या बायकोचं नाव येतं, भाजीवाल्याच्या क्यूआरवर मेहुण्याचं. कुणाकुणावर संशय घ्यायचा?

एक गोष्ट मात्र तेव्हाच करता आली असती, ती तुम्ही करा. "तुमच्या पिनकोडवर कॅश ऑन डिलिव्हरी उपलब्ध नाही" असं आलं की दुसरा कुठलाही पिनकोड टाकून बघा. मी नंतर ४००००१ टाकला, म्हणजे मुंबईचं मुख्य टपाल कार्यालय. तिथेही उपलब्ध नाही!

पार्सल आलं, हे विशेष. हलकं होतं. आत फोमची निळी चौकोनी घडी, एका बाजूला चंदेरी कागद चिकटवलेला, कडेला कात्रीने वाकडंतिकडं कापलेलं. खुर्ची नाही, पाय नाहीत, पाठ नाही. पार्सल का पाठवतात ते नंतर कळलं. काहीतरी पोचलं की त्यांच्याकडे पोच येते, आणि आपण "वस्तूच आली नाही" म्हणू शकत नाही. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ काढा. मी काढला नव्हता. देवळात बसायच्या आसनाचा व्हिडिओ काढावा लागेल असं मला का वाटावं?

१,८४९ वर सोडून दिलं असतं तर हे लिहितही नव्हते. पण मी पतसंस्थेत काम करते. दिवसभर लोकांना पावती मागा, सही बघा, हक्क सोडू नका सांगणारी बाई १,८४९ रुपये सोडणार नाही. वेबसाइटवर ग्राहक सेवेचा नंबर होता. लावला. उचलला नाही. थोड्या वेळाने व्हॉट्सअ‍ॅपवर तिकडूनच फोन आला.

मराठी बोलत होता. हेच मला नडलं. "मॅडम, तुमची ऑर्डर माझ्यासमोर आहे. अहो, तुम्हाला तर पॅडच गेलंय, खुर्ची राहिली. सॉरी हं." इतकं गोड आमच्या शाखेतसुद्धा कुणी बोलत नाही. म्हणाला, रिफंड लगेच करतो, आधी खातं चालू आहे का ते बघायला ५ रुपये पाठवा, १,८५४ एकदम येतील. पाठवले. मग म्हणाला, स्क्रीन शेअर करा, म्हणजे मला तुमच्याबरोबर बघता येईल. केली. मी ऑफिसातून निघत होते, रिक्षा समोर उभी, पाऊस, एका हातात डबा.

"आता ही आयडी टाका. खाली चौकोन आला? त्यात रिफंड कोड भरा. एक, नऊ, नऊ, नऊ, नऊ."

चौकोनाच्या डावीकडे रुपयाचं चिन्ह होतं. मी त्याला म्हटलंसुद्धा, "अहो, इथे रक्कम मागतंय." हे मी तोंडाने बोलले आहे, रिक्षावाल्याने ऐकलंय. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या अ‍ॅपमध्ये तसंच दिसतं. पाच आकडी कोड आहे ना? मग बरोबर." आणि मी पिन टाकला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मी स्वतः ठेवीदारांना सांगते. आमच्या काउंटरवर तसा कागद लावलाय, तो मीच टाइप केलाय. १९,९९९ गेले.

मी ओरडले. तो माझ्यापेक्षा जास्त घाबरला, निदान आवाजात. "अरे देवा, मॅडम, उलटी एंट्री पडली. फोन ठेवू नका, ठेवलात तर अडकतील. रिव्हर्सल कोड देतो. दोन, चार, पाच, शून्य, शून्य." २४,५०० गेले. दुसऱ्यांदा कसं टाकलंस, असं विचारणाऱ्यांनी आपले १९,९९९ डोळ्यांदेखत गेल्यावर फोनवरचा एकमेव माणूस "परत आणतो" म्हणत असताना शांतपणे विचार करून दाखवावा. ही त्यांची पद्धतच आहे. पहिली रक्कम चोरीची, दुसरी घाबरवण्याची. पहिली गेली की फोन कापा. विमान मोड लावा, वाय-फायही बंद करा, म्हणजे स्क्रीन शेअरिंग तुटतं. १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून लावा.

आता सरकारकडे येते.

१९३० ला पहिल्या तासात फोन करा, पैसे पुढे जायच्या आत गोठवता येतात, असं सगळीकडे सांगतात. मी रिक्षावाल्याच्या फोनवरून रिक्षातच लावायला सुरुवात केली. "आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत." परत व्यस्त. त्या तासातला चांगला मोठा भाग मी ती धून ऐकण्यात घालवला. लागला तेव्हा पलीकडची मुलगी नीट वागली, तिच्याबद्दल तक्रार नाही. तिने प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक मागितला. तो अ‍ॅपमध्ये व्यवहाराच्या तपशिलात आत कुठेतरी असतो. फोन लावायच्या आधी तो कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर शोधेपर्यंत फोन कटतो. माझा कटला.

मग पोलीस ठाणं. हवालदारसाहेबांनी अर्ज वाचला. "शिकारीची खुर्ची? तुम्ही शिकार करता?" मी म्हटलं, फोटो काढते. "मग अर्जात शिकार कशाला लिहिलंय? उद्या फॉरेस्टवाले विचारतील." नवीन अर्ज. त्यात "आसन" लिहिलं. मग म्हणाले, ताई, हे सायबरचं काम, तिकडे जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम छोटी आहे, तुमच्या ठाण्यातच द्या. परत ठाणं. खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, आमच्या हद्दीत येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कुठेही घडला तरी माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते असं स्पष्ट लिहिलंय, ते मी मोबाइलवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि मोबाइल परत दिला. "बरोबर आहे. पण साहेब राउंडला गेलेत."

साहेब राउंडवरून आले तेव्हा म्हणाले, माहिती तंत्रज्ञान कायद्याचा तपास निरीक्षक दर्जाचा अधिकारीच करू शकतो आणि निरीक्षक बंदोबस्तात आहेत. नियम खरा आहे, कलम ७८. म्हणजे मला परत पाठवायचं असलं की कायदा अगदी पाठ, आणि नोंद घ्यायची वेळ आली की साहेब राउंडला. शेवटी मिळाली ती पोच. गुन्हा नोंदवलेला नाही, अर्जावर शिक्का मारलाय. हे दोन वेगळे आहेत, शिक्का बघून खूश होऊ नका.

बँक तर त्याहून वरचढ. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला एक परिपत्रक काढलं होतं. तुमची किंवा बँकेची चूक नसताना त्रयस्थाने पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. मी त्याची प्रत नेली होती. मॅनेजरबाईंनी बघितलीसुद्धा नाही. "पिन तुम्ही टाकलाय ना? मग व्यवहार अधिकृत आहे." फसवून टाकून घेतलेला पिन अधिकृत! आणि मोबाइल चोरून टाकला असता तर? "तर बघता आलं असतं." वर सल्ला, "तुम्ही तर याच क्षेत्रातल्या." तो टोमणा मी अजून विसरलेले नाही.

ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे विचारलं, विक्रेत्याचं नाव-पत्ता द्या. तो असता तर मी स्वतःच गेले नसते का? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वेबसाइटवर कंपनीचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव असायलाच हवं. या वेबसाइटवर फक्त एक फॉर्म आणि "भारत" एवढाच पत्ता. पैसे देण्याआधी पानाच्या तळाशी जाऊन या तीन गोष्टी शोधा. नसतील तर वस्तू कितीही हवीशी असली तरी बंद करा. नंबर आणि यूपीआय आयडी सायबर गुन्हे पोर्टलच्या संशयित शोधात टाकून बघता येतात, हेही मला नंतर कळलं. फोन करणाऱ्याचा नंबर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर, संशयित फोन कळवायच्या 'चक्षू' या सोयीत टाका. मी टाकलाय, पुढे काय झालं देव जाणे.

खुर्चीचं विचाराल तर ज्यांना खरंच हवी आहे त्यांनी दुकानात जाऊन बसून बघा. नुसतं बसू नका, डावी-उजवीकडे वळा, कॅमेरा उचलल्यासारखे हात वर करा, सांधे वाजतात का ऐका. वेल्क्रो असलेली घेऊ नका, उघडताना होणाऱ्या चर्र आवाजाने टिटवी अख्खा माळ डोक्यावर घेते. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमला मातकट कापडी पट्टी गुंडाळा. पाय बारीक असतील तर खाली लाकडी फळीचा तुकडा टाका. मी सध्या जुन्या बाजारातून घेतलेल्या, समुद्रकिनाऱ्यावर टाकतात तसल्या बुटक्या खुर्चीवर बसते. ३५० रुपये, रोख, माल हातात घेऊन. पाठ जरा जास्त मागे झुकते.

आणि पैसे. गेलेल्या रकमेपैकी ३,११२ रुपये पुढच्या एका खात्यात गोठवले गेलेत. बाकीचे तिथूनही पुढे निघून गेले. हे ३,११२ माझेच आहेत, हे बँकही मानते, पोलीसही मानतात, तरी न्यायालयाचा आदेश आणा म्हणतात. वकिलाकडे गेले. अर्जाचे ५,००० सांगितले. वकील न लावता कुणी असा अर्ज स्वतः केला असेल तर नमुना कुठे मिळतो आणि कुठल्या खिडकीवर द्यायचा, तेवढं सांगा.