दाइगिंजो घ्यायची की यामाहाई?

जपानात नव्यानं आलेल्या मित्रांचा ठरलेला प्रश्न: घरी ठेवायला एकच साके, म्हणजे जपानची तांदळाची दारू, घ्यायची, तर कुठली? तांदूळ, पाणी, कोजी म्हणजे तांदळावर वाढवलेली बुरशी, हे सगळं तुम्ही वाचलेलं असणार, त्यात शिरत नाही. एवढंच लक्षात असू द्या की या दोन नावांत तसं वैर नाही. दाइगिंजो ठरते ती तांदूळ निम्मा किंवा त्याहून जास्त घासून टाकण्यावरून, यामाहाई ठरते ती दारू आंबवायचं विरजण कसं लावलं त्यावरून. फुकुशिमातली दाइशिची ही साके बनवणारी कंपनी तर यामाहाईच्या आधीच्या, किमोतो पद्धतीनं दाइगिंजोसुद्धा करते. पण दुकानातल्या फळीसमोर उभं राहिलं की निवड साधारण या दोघींतच अडते.

पहिल्या घोटाला दाइगिंजोच जिंकते, यात वाद नाही. गार करून वाईनच्या ग्लासात ओतली की सफरचंद, पेअर, कधी खरबुजाचा वास. सोबत ताईसारख्या पांढऱ्या माशाचं साशिमी, म्हणजे कच्चे काप, असेल तर बोलायलाच नको. साके न पिणारा माणूसही ग्लास पुढे करतो.

माझं बिनसलं ते बाटली उघडल्यानंतर. 720 मिलीची बाटली म्हणजे चार गो, एक गो 180 मिलीचा. मी जेवताना एक गो घेतो, तीही रोज नाही. बूच निघालं की हिचा वास उडायला लागतो आणि चार-सहा दिवसांत मागे नुसता गोडसरपणा उरतो. म्हणजे ज्या वासासाठी जास्त पैसे मोजले तोच आधी जातो. मग आज इच्छा नसली तरी ‘संपवायला हवी’ म्हणून ग्लास भरायचा. दारूनं आपल्याला मुदत घालून द्यावी, हे काही मला पटत नाही.

यामाहाई थंड प्यायलात तर कदाचित तोंड वाकडं कराल. आंबूस, जरा अळंब्यांसारखा वास. लॅक्टिक आम्ल बाहेरून न घालता जिवाणूंकडूनच तयार होऊ द्यायचं, त्यामुळे विरजणालाच महिनाभर लागतो. नेहमीच्या झटपट पद्धतीत साधारण निम्म्या वेळात भागतं. तो आंबटपणा गरम केल्यावर कामाला येतो. पाणी उकळून गॅस बंद करायचा, तोक्कुरी, म्हणजे साकेची अरुंद गळ्याची सुरई, गळ्यापर्यंत त्यात उभी करायची. साके तापली की तोक्कुरीच्या गळ्यात वर चढते, तेवढ्यात काढायची. 45 अंशांच्या आसपास तिचा आंबटपणा गोल होतो आणि भाताची चव पुढे येते. मीठ लावून भाजलेला सबा, म्हणजे आपल्या बांगड्याच्याच कुळातला मासा, हिच्याबरोबर खाऊन बघा. घरून आणलेल्या सुक्या बोंबलाच्या चटणीपुढेही ही टिकते. दाइगिंजो तिथे गप्प होते.

आणि उघडलेली बाटली दोन-तीन आठवडे फ्रीजमध्ये राहिली तरी हिचं फारसं बिघडत नाही. मला तर शेवटचा गो जास्त आवडतो, पण ती माझ्या जिभेची गोष्ट झाली, मोजमाप केलेलं नाही. लेबलवर ‘नामा’, म्हणजे पाश्चराइझ न केलेली, असेल तर मात्र हिलाही दाइगिंजोइतकंच जपावं लागतं.

चार माणसं जेवायला येणार असतील तर खुशाल दाइगिंजो घ्या, एका बैठकीत संपेल. एकट्यासाठी हवीच असेल तर 300 मिलीची बाटली बघा. एरवी इशिकावाच्या तेंगुमाई ब्रँडची यामाहाई जुनमाई (वरून अल्कोहोल न घातलेली) घेऊन सुरुवात करा, आणि गरम केल्याशिवाय तिच्याबद्दल मत बनवू नका.