एक्सपल्स २०० ४व्ही: नवशिक्याचे खडे चढ आणि बरेच महिने

हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही ही मोटरसायकल घेतली तेव्हा पावसाळा तोंडावर होता. तो गेला, थंडी गेली, आता उन्हाळाही निम्मा सरलाय. घोडबंदरच्या उड्डाणपुलांवर ही गाडी कशी चालते, ॲव्हरेज काय देते, हे यूट्यूबवर ढिगाने सापडेल. मला लिहायचंय ते वेगळं: सुट्या मुरुमाचा खडा चढ, ही गाडी, आणि ऑफ-रोडचा, म्हणजे रस्ता सोडून गाडी चालवण्याचा, काडीचाही अनुभव नसलेला माणूस.

खरं तर मला हवी होती अस्सल डर्ट बाईक. पण निव्वळ ट्रॅकसाठी बनवलेल्या गाड्यांना नंबर प्लेट मिळत नाही. ऐरोलीहून पनवेलपलीकडे न्यायची म्हणजे दर वेळी टेम्पो, आणि सोसायटीत दुसऱ्या गाडीच्या पार्किंगवरून सेक्रेटरींशी हुज्जत. एक्सपल्सवर एमएच ४३ ची पाटी लावून सोमवारी ऑफिस आणि रविवारी डोंगर, दोन्ही जमतं. १९९.६ सीसी, साधारण १९ पीएस ताकद, पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची स्पोकचं चाक, २२० मिमी ग्राउंड क्लिअरन्स. किंमत तेव्हा दीड लाखाच्या घरात होती. या पैशांत एवढं दुसरीकडे मिळत नव्हतं.

आधी जागेचं बोलू, कारण ठाण्यात गाडी घेतली की पहिला विचार येऊरचा येतो. तो सोडून द्या. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि परवानगीशिवाय आत शिरणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. खारघरच्या टेकड्यांवरही वनखात्याची जमीन आहे. पायवाटेवर चालायला आलेल्या माणसांमध्ये गाडी घालणं मला तरी पटत नाही. मी जातो पनवेलजवळच्या नेरे-मालडुंग्याकडे, मित्राच्या मामांच्या पडीक जागेवर. तिथे एक जुनी बैलगाडीची वाट टेकाडावर चढते. खाली मऊ माती, मध्ये सुटा मुरूम, शेवटी काळ्या दगडाची पायरी. शिकायला यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही. (गावात परवानगी मागितली की बहुतेक वेळा मिळते. न विचारता गेलात तर पुढच्या माणसालाही मिळत नाही.)

आता मुद्द्याचं. ही गाडी चढावर ताकदीने कमी पडते अशी तक्रार सगळे करतात. आकड्यांवरून ती खरीच आहे: १७.३५ एनएम टॉर्क (चाक फिरवणारा जोर), तोही इंजिनच्या मिनिटाला ६५०० फेऱ्यांना (आरपीएम), आणि वजन १५९ किलो. खालच्या आरपीएमला गाडी थोडी मरगळलेली वाटते. पण नवशिक्याला मी म्हणेन, हे बरंच आहे. जास्त ताकदीच्या गाडीवर नवखा माणूस घाबरला की थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) पिळतो, पुढचं चाक उचललं जातं आणि गाडी अंगावर येते. इथे तसं सहजी होत नाही. थ्रॉटलने काम भागत नसल्यामुळे बाकीच्या गोष्टी शिकाव्याच लागतात.

त्यातली पहिली म्हणजे चढाच्या पायथ्याशी येतानाचा वेग. चढ सुरू झाल्यावर वेग वाढवायला गेलात की मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि मुरूम मागे उडतो. जो काही वेग लागणार तो सपाटीवरच घ्यायचा आणि वर थ्रॉटल एकसारखा धरून ठेवायचा. दुसरी गोष्ट गिअर. एक्सपल्सचा पहिला गिअर फारच आखूड आहे. लांब मुरमाड चढावर तो चाक फिरवतो, म्हणून तिथे दुसरा. पण दुसऱ्यात आरपीएम पडू दिला की गाडी दम तोडते आणि तेव्हा क्लच हलकासा ओढून इंजिनला श्वास द्यावा लागतो, दोनच बोटांनी. दगडांची पायरी मात्र पहिल्यात, सावकाश. एकाच चढावर दोन्ही असतील, जसे मामांच्या टेकाडावर आहेत, तर गिअर कुठे बदलायचा ते खालून चालत जाऊन आधीच ठरवून ठेवावं. चढताना ठरवायला वेळ मिळत नाही.

शरीराचं गणित थोडं चमत्कारिक आहे. पुढे झुकावं लागतं, नाहीतर पुढचं चाक हलकं होतं. पण फारच पुढे गेलात तर मागच्या टायरवरचं वजन जातं आणि पकड सुटते. मला जमलं ते असं: फुटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी दाबायची, छाती हँडलवर आणायची, पण ढुंगण सीटच्या पुढच्या टोकाच्या पुढे न्यायचं नाही. हँडलला लोंबकळायचं नाही. हात ताठ झाले की थ्रॉटल नकळत उघडला जातो. नजर वरच्या टोकावर. खालच्या दगडाकडे बघितलं की गाडी त्याच दगडावर जाते, हे अगदी खरं आहे.

वजनाचा हिशेब चढताना द्यावा लागत नाही, तो अर्ध्या चढावर गाडी बंद पडली की द्यावा लागतो. ट्रॅकवरच्या गाड्या शंभर-सव्वाशे किलोच्या घरात असतात, ही १५९. बंद पडल्या क्षणी प्रत्येकाचे हात एकच करतात: पुढचा ब्रेक आवळतात आणि क्लच दाबतात. मग गाडी मागे सरकू लागते. चढावर वजन मागच्या चाकावर गेलेलं असतं. पुढचं चाक पूर्ण लॉक झालं तरी त्याखाली दाबच नसतो, ते सुट्या मुरमावर मोत्यांच्या माळेवरून घसरावं तसं मागे येतं. इथे उपाय म्हणजे क्लच सोडायचा. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. मागचं चाक इंजिनच धरून ठेवतं. पुढचा ब्रेक मदतीला. गाडी तिथेच थांबते आणि तुम्हाला दम घ्यायला वेळ मिळतो.

पुढचा भाग वळवण्याचा. सीट ८२५ मिमी उंच आहे. माझ्यासारख्या मध्यम उंचीच्या माणसाचा पाय सपाटीवर जेमतेम टेकतो, उताराच्या बाजूला तर टेकतच नाही. त्या बाजूला गाडी कलली की ती गेलीच. म्हणून नेहमी चढाच्या बाजूला कलायचं आणि उतरायचंही त्याच बाजूला. मग क्लच थोडा दाबून, सोडून, हँडल वळवत गाडी बोटभर-बोटभर मागे येऊ द्यायची. ती चढाला आडवी झाली की पुढचं चाक खाली वळवायचं. हे होईना तर सरळ आडवी टाकायची आणि पुढचं चाक धरून खालच्या बाजूला ओढायचं. शक्यतो डावीकडे टाका, कारण सायलेन्सर उजवीकडे वर आहे आणि तापलेला असतो. मामा बांधावर बसून हा सगळा खटाटोप बघत असतात. एकदा म्हणाले, "अरे, बैलसुद्धा अर्ध्यात थांबला की आम्ही चाकाला दगड लावायचो." तेव्हापासून सोबत कोणी असलं की आम्ही मागच्या चाकाला दगड लावतो. अतिशय कामाची गोष्ट आहे.

वर चढायच्या आधी हे थांबणं आणि वळवणं खालच्या सोप्या उतारावर मुद्दाम करून बघा. हे येत असेल तर चढाची भीती अर्धी जाते. ज्यांना येत नाही ते वर पोचायच्या नादात थ्रॉटल सोडत नाहीत.

उतरताना पहिला गिअर, इंजिन ब्रेकिंग (थ्रॉटल सोडून इंजिनलाच वेग धरू देणं) आणि मागचा ब्रेक. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला आहे, त्यामुळे मागचं चाक हवं तेव्हा लॉक करता येतं. उतारावर हे सोयीचं आहे.

टायर. गाडीसोबत येणारे टायर रस्ता आणि माती दोन्हींसाठी आहेत. कोरड्या मुरमावर ठीक. पावसात लाल माती खोबणींत भरली की पकड संपते. चढावर हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवली की मोठा फरक पडतो. त्याहून खाली जाऊ नका. ट्यूबचे टायर आहेत, दगडावर आपटून ट्यूब चिमटते. आणि २१ इंची ट्यूब कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नसते, स्वतःजवळ ठेवावी. परत निघताना हवा भरायला हातपंप.

हँडगार्ड, गुडघ्याचे पॅड आणि घोट्यावर येणारे बूट, एवढं गाडीबरोबरच घ्या. ब्रेक-क्लचच्या लिव्हरचे क्लॅम्प किंचित ढिले ठेवले तर गाडी पडल्यावर लिव्हर फिरतं, तुटत नाही. हे माझ्या मेकॅनिकने सुचवलं आणि त्याने लिव्हरचे बरेच पैसे वाचले. इंजिनखालचं बॅश प्लेट (दगडांपासून वाचवणारा पत्रा) कंपनीकडूनच येतं, त्यावर आता इतके ओरखडे आहेत की त्याची किंमत वसूल झाली म्हणायची. एअर फिल्टर मात्र धुळीच्या दिवसांत मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच्या कितीतरी आधी बघावा लागतो. चेनचंही तेच.

ऋतूंचं सांगायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये खड्या चढांच्या नादी लागू नये. काळ्या दगडावर शेवाळ असतं आणि गवतात दगड दिसत नाहीत. एप्रिल-मेमध्ये मुरूम पार सुटलेला असतो, शिवाय कमी वेगात इंजिनची गरमी थेट पायांवर येते. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात छान. मातीत थोडा ओलावा असतो आणि टायर धरून चालतो.

रोजच्या वापराचं थोडक्यात: ठाणे-बेलापूर रोडच्या खड्ड्यांवर हिच्याइतकी आरामशीर गाडी मी चालवलेली नाही. ऐंशीच्या पुढे मात्र हँडलला मुंग्या येतात.

आता घेणाऱ्यांसाठी. याच गाडीच्या महागड्या प्रकाराचं, ४व्ही प्रोचं, सस्पेन्शन जास्त लांब आणि ॲडजस्ट होणारं आहे, पण सीट ८९१ मिमी. अर्ध्या चढावर थांबायची वेळ नवशिक्यावर वारंवार येते, तेव्हा उंचीला सहा फुटांच्या आसपास नसाल तर पहिलं वर्ष साधीच बरी. नव्या एक्सपल्स २१० मध्ये लिक्विड कूलिंग, सहा गिअर आणि २४ च्या वर पीएस आहेत. हायवेचं जास्त असेल तर ती बघा. फक्त चढ शिकायचे असतील तर २०० ची जुनी, नीट राखलेली घ्या आणि वाचलेले पैसे बुटांत आणि टायरमध्ये घाला. जुनी बघायला जाल तेव्हा स्पोक एकेक हाताने हलवून बघा आणि बॅश प्लेटच्या मागे वाकून इंजिनच्या खालच्या कडेवर तेलाची ओल आहे का तपासा.