सेवेआधी कृपा: सेवेच्या प्रेरणेवरील एका अभ्यासक्रमाचे परीक्षण

मंडळीत सेवा करणाऱ्या आम्हा नऊ जणांनी ख्रिस्ती सेवेमागील प्रेरणा या विषयावरचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला. दर आठवड्याला एक ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकायचे, कार्यपुस्तिकेतील प्रश्न घरी सोडवायचे आणि नंतर मार्गदर्शकासह तासभर गटचर्चा करायची, असे त्याचे स्वरूप आहे. मी बारा वर्षे संडे स्कूलमध्ये शिकवत आहे. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात सर्व सेवकांचे आभार मानताना माझे नाव अनवधानाने राहून गेले आणि ती गोष्ट माझ्या मनाला कित्येक आठवडे लागून राहिली. मी शिकवत होतो ते नेमके कोणासाठी, हा प्रश्न तेव्हापासून टाळता येत नव्हता, म्हणून मी या अभ्यासक्रमात नाव नोंदवले.

पहिल्या दोन पाठांसाठी मी या अभ्यासक्रमाच्या कर्त्यांचा मनापासून ऋणी आहे. सेवा करा, अधिक करा, अशी आर्जवे येथे नाहीत; आरंभ होतो तो देवाने आधीच केलेल्या कार्यापासून. बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल अकरा अध्याय देवाच्या दयेचे वर्णन करतो आणि बाराव्या अध्यायाच्या आरंभी ‘म्हणून’ असे म्हणून आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करण्याची विनंती करतो. या एका ‘म्हणून’वर व्याख्यात्याने जवळजवळ वीस मिनिटे घालवली आहेत आणि त्यांतले एकही मिनिट वाया गेलेले नाही. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातही हाच क्रम दिसतो: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांमुळे नव्हे, आणि लगेच पुढे, आपण सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत. 1563 सालच्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीतही, म्हणजे ख्रिस्ती शिकवण प्रश्न-उत्तरांतून मांडणाऱ्या पुस्तिकेतही, मनुष्याची दुर्दशा, त्याची सुटका आणि त्याची कृतज्ञता असे तीन भाग असून सत्कृत्यांचा विचार तिसऱ्या भागात येतो. हे वाचताना मला आठवले की मुलांना दहा आज्ञा शिकवताना, मिसर देशाच्या दास्यातून देवाने लोकांना आधीच सोडवले होते, हे पहिले वाक्य मी अनेकदा घाईने ओलांडत आलो आहे.

तिसरा पाठ चुकीच्या प्रेरणांचा आहे. लोकांनी पाहावे म्हणून केलेला दानधर्म, पैसे देऊन पवित्र आत्म्याचे सामर्थ्य मिळवू पाहणारा शिमोन, कामाच्या ओझ्याने त्रासून बहिणीची तक्रार करणारी मार्था, ही उदाहरणे अपेक्षितच होती. माझ्यासाठी पाठाचे सर्वांत मोलाचे पान येशूच्या दाखल्यातील उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावावरचे होते. संपत्ती उधळून परतलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो, तेव्हा हा थोरला रागावतो. इतकी वर्षे मी तुमची चाकरी करत आहे आणि मला तुम्ही एक करडूही दिले नाही, असे तो बापाला म्हणतो. त्याने आज्ञा मोडली नव्हती, कामही चुकवले नव्हते, पण बापाच्या घरात राहून तो मनाने मजूरच राहिला होता. माझे नाव घेतले गेले नाही तेव्हा मी हेच बोललो होतो, फक्त मनातल्या मनात. त्या आठवड्याचा स्वाध्यायही योग्य होता: एक सेवा अशी करायची की जी गटातही सांगायची नाही. म्हणून मी काय केले ते येथेही लिहीत नाही.

चौथ्या पाठाविषयी मात्र माझा गंभीर आक्षेप आहे. यात आपल्या हेतूंना दहापैकी गुण देण्याचा तक्ता आहे आणि ज्यांचे गुण कमी येतील त्यांनी काही काळ सेवेतून थांबावे, असे सुचवले आहे. आमच्या गटातील एक भगिनी कित्येक वर्षे आजाऱ्यांच्या भेटी घेत आहेत. स्वतःला तीन गुण देऊन त्यांनी भेटी बंद करण्याचा विचार सुरू केला. ज्यांची विवेकबुद्धी कोमल, तेच स्वतःला कमी गुण देणार आणि तेच थांबणार, ही या तक्त्यातली खोट कर्त्यांच्या लक्षात यायला हवी होती. पौल स्वतः बंधनात असताना फिलिप्पैकरांस लिहितो की काही जण हेव्याने व वैरभावाने ख्रिस्ताची घोषणा करतात, तरी ख्रिस्ताची घोषणा होते यात तो आनंद मानतो. अर्थात यामुळे हेवा योग्य ठरत नाही. पण मन पूर्ण निर्मळ होईपर्यंत आजाऱ्याने एकटे पडून राहावे, असेही शास्त्र कोठे सांगत नाही.

प्रतिफळाच्या प्रश्नावरही अभ्यासक्रम फार घाईने पुढे जातो. प्रतिफळाची आशा धरणे म्हणजे स्वार्थ, एवढेच एका वाक्यात सांगितले आहे. वास्तविक मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात गुप्तपणे दान करण्यास सांगणारा प्रभूच, गुप्तपणे पाहणारा पिता प्रतिफळ देईल, असे वचन देतो. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात अखेरच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी मिळते. म्हणजे देव देतो आणि उदारपणे देतो. कुरकुर सुरू होते ती शेजाऱ्याच्या हातातली मजुरी मोजू लागल्यावर. येथे एक संपूर्ण पाठ हवा होता.

पाचवा पाठ थकव्याविषयी आहे आणि तो ठीक आहे. सहाव्यात येशूने आपला शिष्य पेत्र याला समुद्रकिनारी तीनदा विचारलेला प्रश्न येतो. प्रभू त्याच्या योग्यतेची किंवा तयारीची चौकशी करत नाही. माझ्यावर प्रीती करतोस काय, एवढेच विचारतो आणि मग आपली मेंढरे, म्हणजे आपले लोक, त्याच्याकडे सोपवतो. ज्याने प्रभूला ओळखत नाही असे तीनदा म्हटले होते त्यालाच हे काम मिळाले, हे सांगताना व्याख्यात्याचा आवाज दाटून आला होता आणि आमच्यापैकीही कोणाला लगेच बोलता आले नाही.

ज्या मंडळीत नवे सेवक तयार होत आहेत किंवा जुने सेवक मनातून खट्टू झाले आहेत, तेथे हा अभ्यासक्रम अवश्य घ्यावा. मात्र तो एकट्याने करू नये, कारण त्याचे खरे बळ गटचर्चेत आहे. चौथ्या आठवड्यात गुणांचा तक्ता बाजूला ठेवून फिलिप्पैकरांस पत्राचा पहिला अध्याय एकत्र वाचावा. आम्ही शेवटी तेच केले, आणि त्या भगिनी पुढच्याच रविवारी उपासनेनंतर नेहमीप्रमाणे भेटीला गेल्या.