मुलांना विज्ञान हाताने शिकवायचंय: किट आणावं, क्लास लावावा की घरीच करावं?

आठ ते बारा वर्षांच्या मुलासाठी विज्ञानावर वेळ किंवा पैसा खर्च करायचा म्हटलं की नाशिकच्या पालकांपुढे साधारण तीन वाटा असतात. ऑनलाइन मागवायचं तयार किट, शनिवार-रविवारचा सायन्स किंवा रोबोटिक्सचा क्लास, नाहीतर घरातलं सामान आणि घराबाहेरचा परिसर. मी शाळेत विज्ञान शिकवते, सुट्टीत सोसायटीतली मुलं गोळा करून प्रयोगही करते. त्यामुळे ‘मॅडम, यातलं काय घेऊ?’ हा प्रश्न मला सारखा येतो.

माझी कसोटी एकच आहे. मुलाला तोच प्रयोग एखादी गोष्ट बदलून पुन्हा करता येतो का? आणि बदलण्याआधी ‘आता काय होईल’ याचा अंदाज त्याला बांधावा लागतो का? दोन्हीला ‘हो’ असेल तर फुकटचा प्रयोगही मोलाचा. ‘नाही’ असेल तर दोन हजारांची पेटी ही नुसती करमणूक. या कसोटीवर दगड-माती, आकाश आणि वीज-चुंबक या तिन्हींसाठी उत्तरं वेगवेगळी येतात. म्हणून सगळ्यांसाठी एकच किट किंवा एकच क्लास सुचवायला मी तयार होत नाही.

दगड, माती, नदी: इथे किट घेऊच नका

भूशास्त्राच्या बहुतेक किटमध्ये ज्वालामुखी असतो. प्लॅस्टिकचा शंकू, खाण्याचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग. फसफसून वर येतं, मुलं टाळ्या वाजवतात. यातून आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो हे कळतं, आणि तेही शिकण्यासारखं आहेच. पण ज्वालामुखीबद्दल काहीच कळत नाही. नाशिकच्या मुलाची तर उलट दिशाभूल होते, कारण आपल्या पायाखालचा काळा दगड असल्या टोकदार डोंगरातून उसळलेला नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांमधून पातळ लाव्हा वर आला आणि दूरवर पसरत गेला, थरावर थर साचले. पांडवलेणीचा डोंगर किंवा अंजनेरी लांबून बघा. कठीण थर कड्यासारखे उभे राहिलेत, ठिसूळ थर झिजून उतार झालेत. ते टप्पे मुलाला महामार्गावरून जाता-जाताही दाखवता येतात.

त्याऐवजी घरात काकवी असेल तर ती घ्या. एक वाटी कोमट करा, एक फ्रिजमध्ये ठेवा. स्टीलचं ताट एका कडेला पुस्तक लावून थोडं तिरकं करा आणि दोन्हींचा एकेक चमचा वरून सोडा. कोमट काकवी पातळ थर करून भराभर खाली पसरते. गार काकवी जागच्या जागी ढिगासारखी फुगते आणि मग सावकाश सरकते. आता ताटाचा उतार कमी करा, काकवीत थोडी रवाळ साखर मिसळा, आधी पडलेल्या थरावर दुसरा थर सोडा. प्रत्येक वेळी ओतण्याआधी मुलाला ताटावर बोट ठेवून सांगू द्या, कुठपर्यंत जाईल. चौथ्या-पाचव्या खेपेला ते बोट बऱ्यापैकी नेमक्या जागी पडायला लागतं. पातळ लाव्ह्याने पठार का होतं आणि घट्ट लाव्ह्याने सुळका का, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

किटमधली दगडांची पेटीही अशीच. ग्रॅनाइट, संगमरवर, वालुकाश्म असे पॉलिश केलेले तुकडे आणि प्रत्येकाच्या खाली नाव. मूल नावं पाठ करतं. त्यापेक्षा पिशवी घेऊन बाहेर पडा. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, त्यावर लिंबाचा रस टाकला तर काही होत नाही. पण काळ्या मातीच्या शेतात नांगरटीनंतर वर येणारे पांढरे खडे, शेतकरी ज्यांना चुनखडी म्हणतात, त्यांच्यावर टाकला की बारीक बुडबुडे येतात. तशीच पांढरी, पण बेसाल्टच्या पोकळीत सापडणारी सगळीच खनिजं फसफसत नाहीत. कॅल्साइट फसफसतं, झिओलाइट नाही. दिसायला सारखे असलेले दगड मुलाने स्वतःच्या चाचणीने वेगळे केले, यातला आनंद पेटीतल्या छापील नावात नाही. एवढं झाल्यावर सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीतलं गारगोटी संग्रहालय दाखवायला न्या. हात न लावता बघायची जागा आहे ती, पण स्वतः खडे वेचलेलं मूल तिथल्या कपाटांपुढे रेंगाळतं.

एक गोष्ट इथे आवर्जून सांगते. गच्चीतल्या धुळीत चुंबक फिरवा, चिकटतील ते अवकाशातून आलेले कण, असा प्रयोग इंटरनेटवर खूप फिरतो. नाशिकमध्ये चुंबक पिशवीत गुंडाळून नदीकाठच्या वाळूत फिरवलात तर काळ्या कणांची दाढीच उगवते, कारण बेसाल्टमध्येच मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतं. गच्चीतले कणही बहुतेक इथलेच, मातीतले नाहीतर गाड्या-कारखान्यांतून आलेले. मुलाला ‘ही उल्कांची धूळ’ म्हणून खोटं सांगू नका. उलट नदीची वाळू, कुंडीतली माती आणि गच्चीतली धूळ एकेक वाटी मोजून घ्या आणि कुठे जास्त काळे कण मिळतात ते त्यालाच शोधू द्या.

आणि पावसाळ्यातली गोदावरी. पुराचं पाणी गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत चढलं यावरून नाशिककर पूर मोजतात. त्याच दिवसांत गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे ते वर्तमानपत्रात येतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28.3 लिटर, म्हणजे हजार क्युसेकला सेकंदाला 28 हजार लिटरच्या वर. वहीत दोन रकाने करा: विसर्ग किती, पाणी मारुतीच्या कुठपर्यंत. विसर्ग वाढवल्यावर पाणी शहरात चढायला किती तास लागतात? मधल्या काळात शहरात पाऊस झाला तर? दोन-तीन पुरांच्या नोंदी झाल्या की मूल सकाळी पेपर वाचून संध्याकाळचा अंदाज सांगायला लागतं. याच्या तोडीचं किट मी पाहिलेलं नाही. फक्त बघायचं ते उंचावरून किंवा बातम्यांतल्या चित्रांवरून, पुराच्या वेळी घाटावर उतरायचं नाही.

आकाश: दुर्बीण सगळ्यात शेवटी

ग्रह-ताऱ्यांसाठी पालक आधी दुर्बिणीचा विचार करतात. खेळण्यातल्या दुर्बिणीचा स्टँड इतका हलतो की चंद्रसुद्धा धड दिसत नाही, आणि दोन रात्रींत ती कपाटात जाते. सूर्यमालेचं फिरतं मॉडेलही घेऊ नका, कारण त्यातली अंतरं पाहून मुलाच्या मनात चुकीचं चित्र पक्कं होतं.

सुरुवात एका सरळ काठीने करा. गच्चीवर एक मीटरची काठी ओळंब्याने उभी करा आणि दुपारच्या सर्वांत लहान सावलीच्या टोकाला खडूने खूण करा. घड्याळात बारा वाजले म्हणजे मध्यान्ह झाली असं नाही, हे पहिल्याच दिवशी कळतं. नाशिकची मध्यान्ह ऋतूनुसार साधारण बारा वीस ते बारा पन्नासच्या दरम्यान सरकत राहते. 22 डिसेंबरच्या सुमारास सावली सुमारे 95 सेंटीमीटर भरते, 21 मार्चला 36, आणि 20 मेच्या आसपास शून्य, कारण नाशिक जवळपास 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि त्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. जूनमध्ये ढग नसतील तर दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडलेली दिसते. संक्रांतीला दिवस मोठा व्हायला लागतो असं घरात म्हणतात. काठीला विचारा: सावली आखूड व्हायला त्याआधीच, डिसेंबरच्या शेवटी, सुरुवात झालेली असते. सूर्याकडे थेट बघायचं नाही, एवढा एकच नियम.

चंद्रासाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरे. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ छापलेली असते आणि आजी तशीही वाट बघत असते. त्या दिवशी वेळ पडताळून घ्या. मग दुसऱ्या दिवशी चंद्र कधी उगवेल ते मुलाला लिहून ठेवू द्या. साधारण पाऊण-एक तास उशीर होतो, पण रोज सारखा नाही, आणि हा फरक शोधण्यातच खरी गंमत आहे.

अंतरांसाठी मोठं मैदान किंवा लांब रस्ता लागतो. सूर्य म्हणून दहा सेंटीमीटरचं डाळिंब ठेवा. पृथ्वी होते खसखशीचा दाणा, पावणेअकरा मीटरवर. गुरू म्हणजे टपोरा वाटाणा, 56 मीटरवर. नेपच्यून ज्वारीच्या दाण्याहून किंचित लहान, पण तो ठेवायला 320 मीटर चालत जावं लागतं. चंद्र पृथ्वीपासून पावणेतीन सेंटीमीटरवर येतो, म्हणजे माणूस आजवर सगळ्यात लांब गेला तो खसखशीच्या दाण्यापासून बोटाच्या एका पेराएवढा. मुलं या वाक्यापाशी गप्प होतात आणि मग प्रश्नांचा भडिमार होतो.

हे वर्षभर टिकलं तर पैसे खर्च करा, पण 10×50 च्या द्विनेत्रीवर, म्हणजे दहापट मोठं दाखवणाऱ्या, 50 मिलिमीटर भिंगांच्या, दोन्ही डोळ्यांनी बघायच्या दुर्बिणीवर. ती कठड्यावर टेकवून धरली तर गुरूचे चार मोठे चंद्र ठिपक्यांसारखे दिसतात आणि चार रात्री त्यांच्या जागा काढल्या की ते फिरतात हे कागदावर उतरतं. गॅलिलिओने 1610 मध्ये हेच केलं होतं. गुरू आणि चंद्र शहरातूनही दिसतात. आकाशगंगेसाठी त्र्यंबक किंवा पेठच्या बाजूला, दिव्यांपासून लांब जावं लागेल, तेही पावसाळा सरल्यावर.

वीज, चुंबक, हवा: इथे खरेदी करा, पण पेटी नको

या विषयात घरातलं सामान अपुरं पडतं, हे मान्य करायला हवं. भिंग, चांगलं चुंबक, बॅटरी होल्डर, एलईडी, इनॅमल लावलेली तांब्याची तार हे विकतच घ्यावं लागतं. प्रश्न इतकाच की पेटी घ्यायची की सुटे भाग.

पेटीत मोटर बंद डबीत येते. दोन तारा जोडल्या, पंखा फिरला, संपलं. सुट्या भागांची मोटर अशी: एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, रबरबँड, एक चुंबक आणि मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणलेली सव्वा मीटर तार. तारेचे दहाएक वेढे सेलभोवतीच गुंडाळून काढायचे, दोन टोकं समोरासमोर बाहेर ठेवायची. एक टोक पॉलिश पेपरने पूर्ण घासायचं, दुसरं फक्त वरच्या बाजूने. ही अर्धी घासणी महत्त्वाची आहे. तिच्यामुळे प्रत्येक अर्ध्या फेरीत प्रवाह तुटतो आणि वेटोळं मागे खेचलं न जाता पुढे फिरत राहतं. मुलं हमखास दोन्ही टोकं पूर्ण घासतात आणि वेटोळं नुसतं थरथरत राहतं. लगेच सांगू नका. चुंबक उलटं केलं तर? वेढे दुप्पट केले तर? सेल तापतो, म्हणून मिनिटभर फिरवून पिना काढायच्या. घरातल्या प्लगला हात लावायचा नाही, हे आधीच ठणकावून सांगा.

हवा आणि गतीसाठी तर फुगे, स्ट्रॉ, इंजेक्शनच्या सुईविना सिरिंज आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांवर महिने जातात. कचऱ्यातून खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांनी आयुष्यभर हेच काम केलं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं मुलांसाठी खेळणी घडवली, 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कृती इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतूनही. किट घ्यायच्या आधी तिथे एक संध्याकाळ घालवाच.

मग किट कधी घ्यावं? घरात भाग शोधायला, दुकानं पालथी घालायला कुणालाच सवड नसेल तेव्हा. तेही असं घ्या की ज्याचे भाग सुटे होतात आणि पुस्तिकेत नसलेल्या तऱ्हेने जोडता येतात.

क्लास कुणासाठी?

आई-बाबा दोघंही सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये असतील तर क्लास हा चांगला मार्ग आहे, त्यात कमीपणा काही नाही. फी भरण्याआधी एक तास बसून बघा. एका साहित्यापाशी किती मुलं आहेत? चारच्या वर असतील तर दोघं करतात आणि बाकीचे बघतात. काय होणार हे शिकवणारे आधीच सांगून टाकतात का? केलेली वस्तू मूल घरी नेतं का? प्रयोग फसला तर पुढे काय होतं, हे मी तरी मुद्दाम विचारते. रोबोटिक्सच्या क्लासबद्दल एवढंच, की तिथे जोडणी आणि प्रोग्रॅमिंग शिकवतात. चांगलं कौशल्य आहे, पण दगड, पाणी, आकाश यांची जागा ते घेत नाही.

त्याआधी मुलाच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा, आहे का ते विचारा. नीती आयोगाच्या या योजनेत सहावी ते बारावीसाठी शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. प्रयोगशाळा असूनही ती फक्त पाहुण्यांसाठी उघडत असेल, तर ती मुलांसाठी उघडावी म्हणून पालकांनी मुख्याध्यापकांना भेटायला हवं. कुठल्याही क्लासच्या फीपेक्षा त्या भेटीतून जास्त मुलांचं भलं होईल.

मूल आठच्या आतलं असेल तर क्लास आणि किट दोन्ही राहू द्या. काकवी, वाळू, चुंबक आणि संकष्टीचा चंद्र पुरेसे आहेत. आठ ते बाराच्या मुलाला काठी, वही आणि सुटे भाग द्या. बाराच्या पुढे सोल्डरिंग, कापाकापी, मोजमापाची उपकरणं लागतात. तिथे मोठ्या माणसाची देखरेख हवी, आणि चांगला क्लास किंवा शाळेची लॅब घरापेक्षा सरस ठरते.