कोकणातला सरकारी टीबी उपचार: औषध चोख, सांधे कच्चे

टीबी निघाला तर सरकारी दवाखान्यात जायचं की खासगी, असं रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत अजून घरोघरी विचारलं जातं. टीबीपुरतं आमचं उत्तर सरळ आहे: सरकारी. तपासणीचं यंत्र, गोळ्या, घरातल्यांची तपासणी, पुढचा पाठपुरावा हे सगळं एका साखळीत आणि मोफत फक्त तिथेच मिळतं. खासगी डॉक्टरच हवे असतील तर त्यांच्याकडेही निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर नोंद होऊन सरकारी गोळ्या मिळू शकतात. ती नोंद करणं २०१२ पासून त्यांना बंधनकारकच आहे. या सेवेत उणं आहे ते औषधात नाही. एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जाताना, एका गावातून दुसऱ्या गावी जाताना रुग्ण हातचा सुटतो, तिथे आहे.

पहिला सांधा खोकल्यापासून बेडक्याच्या डबीपर्यंतचा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं, रात्री घाम, बेडक्यात रक्त, यातलं काहीही असलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात डबी मागून घ्यावी. प्रत्यक्षात आधी खोकल्याच्या औषधाच्या दोन-तीन बाटल्या संपतात, मग कुणीतरी लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखी अँटिबायोटिक देतं. ही गोळी टीबीच्या जंतूंनाही अर्धवट दाबते. आठ-दहा दिवस बरं वाटतं, तपासणी मागे पडते आणि आजार आतून वाढत राहतो. टीबीची शंका असताना बेडका तपासल्याशिवाय ही गोळी घेऊ नये.

नमुने दोन लागतात: एक लगेच, दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याउठल्या. नमुना फुकट जातो तो बहुतेक वेळा डबीत बेडक्याऐवजी थुंकी गेल्यामुळे. आधी साध्या पाण्याने चूळ भरा. मिश्री, पान, तंबाखू नमुना दिल्यानंतरच. अंगणात किंवा मोकळ्या पडवीत उभं राहा, दोन-तीन खोल श्वास घ्या आणि छातीच्या तळातून खोकून काढा. घट्ट, पिवळसर, दोन ते पाच मिलि पुरे. पातळ, फेसाळ, पाण्यासारखं आलं तर पुन्हा प्रयत्न करा. झाकण घट्ट लावून डबी त्याच दिवशी पोचवा.

तपासणीची यंत्रं मात्र खरोखर चांगली आहेत. सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही दोन्ही जंतूचा डीएनए शोधतात आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्या जंतूवर चालेल की नाही तेही सांगतात. ट्रूनॅट शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं. ते बॅटरीवर चालतं. जून-जुलैत वारंवार वीज जाणाऱ्या तालुक्यांसाठी हा गुण लहान नाही. यंत्राला तास-दोन तास पुरतात. अहवाल हातात यायला दिवस जातात ते डबीच्या प्रवासामुळे. एक गैरसमज इथेच काढून टाकावा. उपचार सुरू झाल्यावर हे यंत्र मेलेल्या जंतूंचाही डीएनए पकडतं, म्हणून पुढची तपासणी सूक्ष्मदर्शकाखाली किंवा कल्चरने, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहून, होते. "पुन्हा मोठ्या मशीनवर करा" असा आग्रह धरू नये. टीबीसोबत साखर आणि एचआयव्हीची तपासणीही होते. तिला नाही म्हणू नका. मधुमेह असला तर टीबीचा धोका दोन-तीन पट वाढतो आणि साखर ताब्यात नसली तर उपचारही रखडतो.

आता गोळ्या. गावात अजून "डॉट्सच्या गोळ्या" म्हणतात, पण आठवड्यातून तीनदा घेण्याची जुनी पद्धत २०१७ मध्ये बंद झाली. आता रोज. पहिले दोन महिने एकाच गोळीत चार औषधं: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. गोळ्या किती ते वजनावर ठरतं: ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ ला चार. सगळ्या एकाच वेळी, शक्यतो उपाशीपोटी. मळमळ होत असेल तर थोड्या पेजेवर चालेल, पण सकाळी दोन आणि रात्री दोन अशी वाटणी करू नये. रक्तात औषधाची पातळी पुरेशी चढत नाही. वजन दर महिन्याला करायला लावा. खाणं सुधारून ४५ चे ५१ किलो झाले आणि गोळ्या तीनच राहिल्या, तर डोस कमी पडतो. ही चूक आम्हाला फार खटकते, कारण तिला लागतो फक्त एक वजनकाटा.

किनारपट्टीवर दोन गोष्टी जास्त सांगाव्या लागतात. पहिली, दमट हवा. गोळ्या स्ट्रिपमधून आधी काढून डबीत भरून ठेवू नका. ओल लागली की रिफॅम्पिसिन खराब होऊ लागतं. स्ट्रिप चुलीपासून आणि गळक्या कौलापासून दूर, कोरड्या डब्यात ठेवा. दुसरी, मासे. "टीबीत मासे बंद" असं सांगणारे चूक सांगतात. रुग्णाला प्रथिनं हवीच असतात आणि आपल्याकडे ती माशांत, अंड्यांत, कुळथात आहेत. पण बांगडा, कुपा, सुरमई या जातीचा मासा बर्फाविना राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून किंवा तळून जात नाही, आणि आयसोनियाझिडमुळे शरीराला ते लवकर मोडता येत नाही. मग जेवणानंतर चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते, आणि दोष गोळ्यांवर जातो. मासा ताजा घ्या. खारवलेला बांगडा सहा महिने बाजूला ठेवा.

लघवी, घाम, अश्रू केशरी होतात. त्याला घाबरायचं कारण नाही, उलट रिफॅम्पिसिन पोटात गेल्याची ती खूण आहे. पहिल्या दोन महिन्यांत सांधे दुखले तर बहुधा पायराझिनामाइड. हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून पायरिडॉक्सिनची १० मिलिग्रॅमची छोटी गोळी सोबत देतात. दिली नसेल तर मागून घ्या. डोळे पिवळे होणं, अन्नावरची वासना उडून सारख्या उलट्या होणं, दिसायला धूसर होणं किंवा लाल-हिरव्यात गोंधळ होणं, यातलं काही झालं तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. दारू सहा महिने पूर्ण बंद, यकृतावर दुहेरी मार बसतो. आणि ही बाब बायकांना क्वचितच कुणी सांगतं: रिफॅम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि रक्त पातळ करणारं औषधही उणं पडतं. चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या स्ट्रिप्स पहिल्या दिवशीच दाखवा.

सर्वात कच्चा सांधा दुसऱ्या महिन्यानंतरचा. खोकला थांबतो, भूक लागते, माणूस कामावर जातो. टीबीचा जंतू फार सावकाश वाढतो, दुप्पट व्हायला त्याला साधारण वीस तास लागतात, आणि काही जंतू निपचित पडून राहतात. पुढचे चार महिने त्यांच्यासाठी असतात. इथे आशाताई किती वेळा घरी येते यावर बरंच अवलंबून असतं. जिथे तिच्यावर गावभरची कामं टाकली आहेत तिथे ही भेट फोनवर उरकली जाते, आणि फोनवर "हो, घेतो" म्हणणं सोपं असतं. डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. चुकलेले दिवस शेवटी वाढवून घेतात.

मुंबईहून गणपतीला आलेला चाकरमानी गावी आजारी पडतो, गोळ्या सुरू होतात आणि महिन्याभरात तो परत जातो. निक्षय आयडी देशभर चालतो, त्यामुळे उपचार तोडायची गरज नाही. पण निघण्याआधी आरोग्य केंद्रात सांगून पोर्टलवर बदली करून घ्यावी लागते, आणि हातात किमान दहा-पंधरा दिवसांच्या गोळ्या घ्याव्यात. बोटीवर आठ-दहा दिवस राहणाऱ्या खलाशांनाही हेच लागू: फेरीचे दिवस आधी सांगा, तेवढ्या स्ट्रिप्स मागा, कोरड्या ठेवा. बोटीच्या केबिनमध्ये दाटीने झोपणं म्हणजे टीबी पसरायला आयती जागा, तेव्हा निदान पहिले दोन आठवडे समुद्रावर जाऊच नये. २०२४ च्या मार्चमध्ये औषधांचा तुटवडा झाला आणि केंद्राने राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगितलं. तसं पुन्हा झालं तर शेवटच्या स्ट्रिपची वाट न पाहता आठवडाभर आधी विचारा. १८००-११-६६६६ हा निक्षय संपर्कचा मोफत क्रमांक आहे.

सरकार रुग्णाच्या खात्यात टाकतं ते पोषणाचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिना हजार रुपये झाले, तीन-तीन हजारांच्या हप्त्यांत. ते अडकतात ते आधार न जोडलेल्या किंवा बंद पडलेल्या खात्यामुळे, म्हणून पहिल्याच आठवड्यात बँकेत जाऊन या.

घरातल्यांची बाजू या सेवेत सर्वात दुबळी आहे. एकाच छपराखाली राहणाऱ्या प्रत्येकाची लक्षणं विचारून, शक्य तिथे एक्स-रे काढून, टीबी नसल्याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक औषध मिळतं: रोज सहा महिने आयसोनियाझिड, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन मिळून आठवड्यातून एकदा असे बारा डोस. बारा डोसांचा पर्याय मागा, तो पुरा होण्याची शक्यता जास्त. पाच वर्षांखालच्या मुलांना तर सोडूच नका. जन्मल्यावर दिलेली बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून वाचवते, मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीत तिचा फारसा आधार नाही. ताटवाट्या वेगळ्या करून काही साधत नाही. आजार हवेतून येतो. पावसाची झड लागते म्हणून घरं बंद होतात तेव्हा रुग्णाला माजघरात नव्हे, हवा खेळती असलेल्या पडवीलगतच्या खोलीत झोपवा आणि सुरुवातीचे दिवस मास्क लावा.

रिफॅम्पिसिन चालत नसल्याचा अहवाल आला तर जिल्हा रुग्णालयात जावंच लागतं: अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोस. बेडाक्विलिनसह चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला, पूर्वी अशा टीबीचा उपचार बऱ्याचदा दीड वर्षापेक्षा जास्त चालायचा. त्यात ईसीजी आणि रक्ततपासण्या वारंवार होतात, त्या चुकवू नका.

उपचार संपल्यावर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे. तोवर फोन नंबर बदललेला असतो आणि रुग्णाला कुणी शोधत येत नाही. या चार तारखा शेवटची स्ट्रिप हातात पडते त्याच दिवशी घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.