रोबोटिक गुडघा बदलून आठेक महिने झाले, माझा अनुभव (सांगली)

गेल्या जूनमध्ये मिरजेत माझा उजवा गुडघा बदलला, रोबोटिक पद्धतीनं. आता हळदीचा सीझन जोरात आहे आणि मार्केट यार्डात भेटेल तो माझ्या पायाकडं बघत विचारतोय की रोबोटनं केलं म्हणे, कसं काय, आमच्या वडिलांचं करू का, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतो. वय ६६, धंदा अडतीचा, म्हणजे जन्म गादीवर मांडी घालून गेला.

पहिली गोष्ट, रोबोट एकटा ऑपरेशन करतो आणि डॉक्टर बाजूला उभे राहतात असं लोकांना वाटतं, तसं माझ्या बाबतीत काही नव्हतं. मला मणक्यात इंजेक्शन दिलेलं, अर्धवट झोपेत होतो, करवतीचा आणि ठोकण्याचा आवाज येत होता, डॉक्टरांचं बोलणंही कानावर येत होतं. नंतर त्यांनी स्क्रीनवरचे फोटो दाखवून समजावलं. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बारीक पिना बसवतात, त्यावर कॅमेऱ्याला दिसणाऱ्या खुणा असतात, मग डॉक्टर एका टोकदार दांडीनं हाडावर जागोजागी टेकवून हाडाचा नकाशा कॉम्प्युटरला देतात. पाय सरळ करून, वाकवून बघतात, आतल्या बाजूला किती मिलिमीटर फट आहे, बाहेरच्या बाजूला किती, ते आकडे समोर येतात आणि हाड कापायच्या आधीच प्लॅन थोडा इकडंतिकडं करता येतो. कापायची वेळ आली की मशीन हद्द सांभाळतं, हात डॉक्टरांचाच.

या मशीनचे पण प्रकार आहेत, ते विचारून घ्या. मॅकोमध्ये आधी सीटी स्कॅन करतात आणि मशीनच्या हाताला करवत असते, ठरलेल्या हद्दीबाहेर ती जात नाही. रोझामध्ये मशीन कापायचा साचा बरोब्बर जागी धरतं आणि करवत डॉक्टर चालवतात. कोरी हातात धरायचं यंत्र आहे, त्याला सीटी लागत नाही. क्युव्हिसमध्ये मशीन स्वतः हाड कापतं, डॉक्टर लक्ष ठेवून असतात. नुसतं रोबोटिक रोबोटिक म्हणणाऱ्या हॉस्पिटलला सरळ विचारायचं, तुमच्याकडं कुठलं आहे आणि डॉक्टरांनी त्यावर किती केस केल्यात.

आता मला रोबोट का लागला ते सांगतो, कारण माझ्या मते सगळा मुद्दा इथंच आहे. तरुणपणी सांगली-मिरज रोडवर स्कूटरचा अपघात झालेला, तेव्हापासून उजव्या मांडीच्या हाडात रॉड आहे. साध्या पद्धतीत मांडीच्या हाडाच्या पोकळीत एक सळई घालून त्यावरून कापायचा कोन ठरवतात. माझ्या पोकळीत आधीच रॉड, सळई जाणार कुठून? रॉड काढायचा तर ते अजून एक मोठं ऑपरेशन. रोबोटला ती सळईच लागत नाही, बाहेरून मोजमाप घेतो. पिना कुठं बसवायच्या याचा मात्र डॉक्टरांना रॉडमुळं जास्त विचार करावा लागला. हे त्यांनी पहिल्याच भेटीत एक्स-रे धरून सांगितलं आणि मला पटलं. ज्यांच्या हाडात जुनी प्लेट, रॉड, नाहीतर हाड वाकडं जुळलेलं आहे त्यांनी रोबोटचं जरूर विचारावं.

बाकीच्यांचं काय, तर आमची आक्का बघा. जयसिंगपूरला असते, तिचा गुडघा साध्या पद्धतीनं बदलला २०१८ ला, आज नरसोबाच्या वाडीचा घाट उतरून दर्शनाला जाते, कुणाचा हात न धरता. कोरियात एक मोठा अभ्यास झालाय, २०२० ला छापून आला, १० वर्षांहून जास्त काळ पेशंट बघितले आणि रोबोटिक आणि साध्या गुडघ्यात चालण्याच्या किंवा टिकण्याच्या बाबतीत फरक सापडला नाही. तो रोबोट जुन्या पिढीचा होता हे पण खरं, नव्या मशीननं हाड जास्त अचूक कापलं जातं हे डॉक्टर लोक मानतात. पण अचूक कापलं म्हणून गुडघा २० वर्षं जास्त टिकतो असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यापासून चार पावलं लांब राहा.

पैशाचं. इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, साध्या कोबाल्ट क्रोम धातूच्या पूर्ण गुडघ्याला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी, नंतर आकडा थोडा बदलत गेलाय. त्याआधी दीड लाखाच्या वर घ्यायचे. ही मर्यादा इम्प्लांटला आहे, रोबोटच्या चार्जला नाही, तो हॉस्पिटल वेगळा लावतं, मला लाखाच्या आसपास पडला. मेडिक्लेमवाले आता रोबोटिक सर्जरी पूर्ण नाकारू शकत नाहीत पण पॉलिसीत त्याला वेगळी मर्यादा ठेवू शकतात, माझ्या कंपनीनं तेच केलं आणि बरीच रक्कम खिशातून गेली. ॲडमिट व्हायच्या आधी टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्या एजन्सीकडून, लेखी घ्या. आणि डिस्चार्जच्या कागदावर इम्प्लांटचे स्टिकर लावलेत का ते तपासा, नंतर कधी गरज पडली तर तेच कामाला येतात.

फिजिओबद्दल मात्र कितीही लिहिलं तरी कमीच. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं, तिथवर सगळं सोपं वाटतं. खरी परीक्षा पहिल्या दीड महिन्यात. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, टाच सरकवत पाय वाकवायचा, दिवसातून कितीतरी वेळा, डोळ्यात पाणी यायचं. पाय पूर्ण सरळ होणं हे वाकण्याइतकंच महत्त्वाचं आहे, सरळ झाला नाही तर जन्मभर लंगडत चालावं लागतं असं आमची फिजिओ सारखी बजावायची. फार गुणी मुलगी, पावसात गाडीवरून यायची. गुडघा वाकायचे ९० अंश लवकर झाले, ९० ते ११० ला मात्र जीव गेला, आता १२० च्या थोडं अलीकडं आहे. हे मशीननं दिलेलं नाही, त्या पोरीनं आणि घरच्यांनी करून घेतलंय. रात्रीची झोप पहिले दोन महिने खराबच, गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्यात तशा घ्या, दुखणं सोसत बसलं की व्यायाम होत नाही.

एक सांगलीकरांसाठी. माझं घर गावभागात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटाला गेलं की इशारा, ४५ ला धोका, २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा आम्ही घर सोडलंय. सीझन मे पर्यंत चालतो म्हणून ऑपरेशन जूनमध्येच घ्यावं लागलं, पण डिस्चार्ज घेऊन थेट विश्रामबागला मुलीकडं गेलो आणि गणपती झाल्यावरच घरी आलो. वॉकर घेऊन पुरातून बाहेर पडायची वेळ कुणावर येऊ नये, कृष्णाकाठी राहणाऱ्यांनी तारीख ठरवताना हे धरूनच चाला.

आजची परिस्थिती अशी. सकाळचे सौदे पूर्ण फिरतो, या दुकानातून त्या दुकानात, हळकुंडं बघत, दोन-अडीच तास पायावर. आधी वीस मिनिटांत पोत्यावर टेकायचो. जिना एकेक पायरी नाही, सरळ चढतो. उतरताना अजून कठडा लागतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर आहे, कधी टक् असा आवाज येतो, पिनांच्या जागी मांडीवर आणि नडगीवर छोटे व्रण आहेत, यातलं काही त्रास देत नाही. मांडी घालून बसणं बंद, पेढीवर गादीच्या जागी उंच टेबल-खुर्ची केली, सत्यनारायणाला पाटावर मुलगा-सून बसले. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू, चाळीस वर्षांची गादी होती ती.

डावा गुडघा पण आता कुरकुर करायला लागलाय. त्या मांडीत रॉड नाही, पाय फार वाकडा नाही, त्यामुळं डॉक्टर स्वतःच म्हणाले की याला रोबोट नसला तरी चालेल. पुढचा सीझन आटोपला की त्याच डॉक्टरांकडून साध्या पद्धतीनं करून घेणार आहे आणि फिजिओला आत्ताच सांगून ठेवलंय.